टेकाडाची साफसफाई

२ सप्टेंबर

माणसं डायरी जानेवारीत सुरू करतात आणि फेब्रुवारीत सोडून देतात. मी सप्टेंबरात सुरू करतोय, म्हणजे सोडायला फारसा अवकाशच नाही. वही दातांच्या डॉक्टरने नवीन वर्षाला दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'घासल्याशिवाय झोपू नका' असं छापलंय. आठ महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज मी अध्यक्ष झालो.

आमच्या वसाहतीच्या मागे एक टेकाड आहे. गवत, झुडपं, थोडी जुनी झाडं, पलीकडच्या उताराखाली ओढा. जागा नगरपालिकेची, पण इतकी वर्षं तिला या जागेची आठवण नव्हती. आता झाली आहे. पलीकडे मोठा बाजार उभा राहिला, त्याच्या गाड्यांसाठी टेकाड सपाट करून वाहनतळ करायचा म्हणतात. वाचवायचा मार्ग एकच. उद्यानं आणि मोकळ्या जागा राखायला सरकारचा एक निधी असतो. त्यातून अनुदान मंजूर झालं की जागा कायमची राखीव होते, मग तिथे कुणाला वीटसुद्धा रचता येत नाही. अर्ज मात्र रहिवाशांच्या समितीने करायचा.

बैठक आमच्याच घरी झाली. समोरच्या दारात राहणाऱ्या शिवणवाल्या ताई म्हणाल्या, अर्ज लिहायचा तर सरांशिवाय कोण लिहिणार. खरंच आहे. उभा जन्म शाळेत गेला, त्यातली शेवटची वर्षं मुख्याध्यापक म्हणून. वही देणारा डॉक्टर सचिव झाला. तो माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, म्हणून खजिनदारी त्याच्याकडे न देता ताईंकडे दिली.

सगळे गेल्यावर आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "टेकाड गेलं तर मी कुठे जाऊ हो? तिथेच मला एकटीला चालता येतं." रोज सकाळी त्या तिकडे फिरायला जातात. मी म्हटलं, अगं, रस्त्याने चल, बागेत चल, मी येतो की सोबत. त्यावर त्या कपबशा उचलून आत गेल्या. नवऱ्याच्या सोबतीचा कंटाळा येतो हे इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या बायका थोड्याच असतील.

९ सप्टेंबर

अनुदान दोन प्रकारचं असतं. एक उद्यान विकासाचं, दुसरं नैसर्गिक जागेच्या संवर्धनाचं. मला पहिलं हवं होतं. मनात सगळा आराखडा तयार होता: कमान, कारंजं, फरशीची वाट, बाकं, बाकांवर देणगीदारांची नावं आणि एका बाकावर अध्यक्षांचं. पण त्या प्रकारात निम्मा खर्च नगरपालिकेने घालायचा असतो, आणि आमची नगरपालिका दिव्यातही तेल घालत नाही. तेव्हा दुसरा प्रकार. त्यात एवढंच सिद्ध करायचं की जागा जशी आहे तशी ठेवण्याजोगी आहे. बाईसाहेब पहिल्यापासून हेच म्हणत होत्या. आता घरात विजयी मुद्रेने वावरतात.

लिहिलेलं पान रोज त्यांना वाचून दाखवतो. हल्ली त्या स्वतः काही वाचत नाहीत. वर्तमानपत्रसुद्धा मीच मोठ्याने वाचायचं. म्हणतात, तुमच्या आवाजात बातम्या खऱ्या वाटतात. शाळेत कुणी माझ्या आवाजाबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं, त्यामुळे मीही तक्रार करत नाही.

मी सुरुवात केली होती, 'निसर्गाच्या कुशीत विसावलेले हे नयनरम्य टेकाड'. बाईसाहेबांनी हात वर करून थांबवलं. नयनरम्य काढा म्हणाल्या. दिसण्याचं राहू द्या, तिथे काय काय आहे ते लिहा. मग त्यांनीच सांगितलं आणि मी लिहीत गेलो. चढाच्या तोंडाशी बसका दगड. तिथून रानतुळशीचं रान, लुगडं घासलं की वास सुटतो. मग डाव्या गालाला वारा लागतो तिथे वळण. पुढे खळगा, त्यात बेडूक. मग मोठं झाड, त्याचं एक मूळ वाटेवर आडवं आलेलं. तिथून ओढ्याचा आवाज धरून खाली. पक्षी कोणते, ते कुठे ओरडतात, हेही सगळं तोंडपाठ. रंग विचारले तर म्हणाल्या, रंगाचं काय घेऊन बसलात.

बाई हुशार, पण वर्णनशैली अगदीच कोरडी. मी आपलं दोन-चार ठिकाणी 'मनोहर' घातलं.

१७ सप्टेंबर

अर्ज गेला. शेवटच्या पानावर सही करताना पेन हवेत थोडं फिरवलं. जुनी सवय.

घरात शीतयुद्ध. बैठकांसाठी खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. बाईसाहेब अंधारात पाणी प्यायला उठल्या आणि खुर्चीवर आपटल्या. आता घरातलं सामान जागेवरून हलवायचं नाही असा फतवा निघाला आहे. टेबल तिथेच, खुर्ची तिथेच, माझी चप्पलसुद्धा दाराच्या डाव्याच बाजूला. वयपरत्वे माणूस हट्टी होतो म्हणतात ते खोटं नाही.

शिवाय चहा ओतताना कपात बोट घालायची नवी सवय लागली आहे. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, गरम आहे का बघते. बोट भाजलं की कळतंच की, गरम आहे म्हणून. मी तो चहा प्यायलो. संसार म्हणजे तडजोड.

३० सप्टेंबर

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. अठरा ऑक्टोबरला निधीच्या कार्यालयातून अधिकारी पाहणीला येणार.

पाहणी. किती वर्षांनी हा शब्द कानावर पडला. डॉक्टर घाबरला, माझ्या मात्र अंगात बळ आलं. शाळेची तपासणी म्हणजे काय असतं हे याला काय ठाऊक. आठवडाभर आधी भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, मैदानाच्या कडेने पांढरे दगड ओळीत, गुंड मुलांना त्या दिवशी सुट्टी. माझ्या काळात आमच्या शाळेला 'स्वच्छ व टापटीप' असा शेरा कधी चुकला नाही.

११ ऑक्टोबर

बाईसाहेब लेकीकडे गेल्या, सतराला परत येतील. लेकीने फारच आग्रह धरला. तिकडे चांगले डॉक्टर आहेत, आईचे डोळे एकदा नीट दाखवून घेऊ म्हणाली. नवा चष्मा लागला असेल. माझ्याही जुन्या फ्रेमला काचा बसवून मिळतात का ते विचारायला सांगितलं आहे.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, पाहणीच्या दिवशी मी हवी आहे, अधिकाऱ्यांना वाट मी दाखवीन. म्हटलं जरूर. मनात म्हटलं, तू येईपर्यंत अशी वाट करून ठेवतो की दाखवायची गरजच पडायला नको.

१४ ऑक्टोबर

आज टेकाडावर फेरी मारून आलो. गवत कमरेएवढं, झुडपांचा पसारा, दगड कुठेही पडलेले, वाट कुठे आहे आणि कुठे नाही याचा पत्ता नाही. या अवताराला कोण अनुदान देणार? सरकारला वाटेल, या लोकांना स्वतःचं टेकाड नीट ठेवता येत नाही आणि हे राखायला निघालेत.

संध्याकाळी समिती बोलावली. श्रमदानाचा ठराव मांडला. शिवणवाल्या ताई म्हणाल्या, "सर, अर्जात आपण जसं आहे तसं लिहिलंय ना? आणि वहिनींना विचारलंत का?" मी हसून म्हटलं, पाहुणे येणार म्हणून आपण घर झाडतो, म्हणजे काय घर बदलतो का? आणि वहिनींना हे आश्चर्य म्हणून ठेवायचं आहे. ताईंनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे पाहत होता. गृहपाठ न केलेला मुलगा असाच छताकडे बघतो. ठराव मंजूर झाला.

१६ ऑक्टोबर

काय दोन दिवस गेले. सगळी वसाहत उतरली होती. गवत कापायचं यंत्र भाड्याने आणलं. रानतुळस मुळापासून काढली, वास छान होता पण पसारा फार. खळगा मातीने बुजवला, कुणाचा पाय मुरगळायला नको. वाटेवर आडवं आलेलं मूळ कुऱ्हाडीने तोडलं. दगड गोळा करून वाटेच्या दोन्ही कडांना ओळीत लावले आणि त्यांना चुना फासला. वाटही सरळ केली, उगाच वळण कशाला. झाडांच्या बुंध्यांना गेरूचा पट्टा, वर पांढरा पट्टा. चढाच्या तोंडाशी कापडी फलक: 'सुस्वागतम्'.

खाली उभा राहून बघितलं. आमचं टेकाड गुळगुळीत दाढी केलेल्या नवरदेवासारखं दिसत होतं. मी समाधानाने घाम पुसला. ताई शेवटपर्यंत दगड उचलत होत्या, पण फलक बांधायला काही आल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर

बाईसाहेब आल्या. दमल्या होत्या. नवा चष्मा काही दिसला नाही. लेकीचा फोन आला, बाबा, तुमच्याशी जरा निवांत बोलायचं आहे. म्हटलं उद्याची पाहणी होऊ दे, मग हवं तितकं बोल.

टेकाडाचं काही सांगितलं नाही. उद्या सकाळी स्वतःच बघेल.

१८ ऑक्टोबर

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

उजाडताच ती नेहमीसारखी एकटी टेकाडावर गेली. मी अंगावर इस्त्रीचा सदरा चढवून समितीबरोबर फलकापाशी उभा राहिलो. अधिकारी आल्या. आमच्या लेकीहून लहान, पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण, हातात आमचा अर्ज. त्यांनी फलकाकडे पाहिलं, टेकाडाकडे पाहिलं, अर्जाचं पान उलटलं, पुन्हा टेकाडाकडे पाहिलं. मग अगदी सौजन्याने म्हणाल्या, "ही तुमची बाग छान आहे. अर्जातली जागा कुठे आहे?"

मी म्हटलं, हीच.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी पानावर बोट ठेवून एकेक विचारायला सुरुवात केली. रानतुळस? डॉक्टर म्हणाला, काढली. बेडकांचा खळगा? बुजवला. वळण? सरळ केलं. बसका दगड? आम्ही सगळ्यांनी ओळीतल्या पांढऱ्या दगडांकडे पाहिलं. त्यातला बसका कोणता हे कुणालाच सांगता येईना. त्या म्हणाल्या, फार सुंदर अर्ज होता हो, मी कार्यालयात दोघांना वाचून दाखवला होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ताई धावत सुटल्या. वर, साफ केलेल्या उताराच्या मधोमध ती उभी होती. चालत नव्हती, बसत नव्हती, नुसती उभी. मला तेव्हाही वाटलं, बघत असेल आपलं काम. मी खालूनच विचारलं, "काय गं, कशी वाटली जागा?"

ती म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?"

मी हात वर केला. चांगला उंच केला, हलवला. ती दुसरीकडेच बघत राहिली.

१९ ऑक्टोबर

काल तिला घरी आणलं. तिने माझा हात असा धरला होता, जसा लग्न झाल्यापासून कधी धरला नव्हता.

आज सगळं सांगितलं. डावा डोळा गेल्याला दीड वर्ष झालं. उजव्याने कडेकडेचं थोडं दिसतं, तेही घटत चाललंय. लेकीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उपाय नाही. किती दिवस दिसेल ते सांगता येत नाही. टेकाडावर तिला दिसण्याची गरजच नव्हती. पायाला दगड लागला की कळायचं, नाकाला वास आला की कळायचं. काल ती वर चढत गेली आणि तिला एकही ओळखीची गोष्ट सापडेना. आपण चुकून दुसरीकडे आलो असं तिला वाटलं. मग आपलं डोकं फिरलं असं वाटलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही हात धरला असता," ती म्हणाली. "आणि मग सोडला नसता. तुमचं प्रेम म्हणजे शाळेची रांग. मला एक जागा अशी हवी होती जिथे मला कोणी धरत नाही."

ताईंना माहीत होतं, त्याच तिला सुयांत दोरा ओवून देत होत्या. डॉक्टरला माहीत होतं. दूधवाल्यालाही माहीत होतं, तो पिशवी हातात देतो. मागच्या बाकावर कोण कॉपी करतोय हे मला पाठ वळलेली असतानाही कळायचं, असं मी जन्मभर सांगत आलो. घरात माझ्यासमोर बाई बोटाने चहा मोजत होती आणि मी त्यावर इथे विनोद लिहीत होतो. मागची पानं फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत. असू देत, माझी अक्कल कळायला बरी.

मला फार लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर ती घरातून बाहेर पडलेली नाही. मी सोबत येतो म्हटलं की नको म्हणते. खुर्चीत बसून शेंगा सोलते. शेंगा संपल्या की लसूण. आज घरात महिनाभर पुरेल इतका लसूण सोललेला आहे.

मी खुर्च्या जिथल्या तिथे ठेवतो. काल माझी चप्पल उजवीकडे राहिली, मी अर्ध्या जिन्यातून परत येऊन ती डावीकडे केली.

३ नोव्हेंबर

निधीचं पत्र आलं. अनुदान नाकारलेलं नाही. मोठी झाडं, ओढा आणि जमिनीत पडलेल्या बिया शाबूत आहेत, जागा पुन्हा पूर्ववत होऊ शकते, असं अधिकाऱ्यांनी लिहिलंय. पण नुकतीच कापणी आणि खणणं झाल्यामुळे एक अट घातली आहे. दोन वर्षं टेकाडाला तारेचं कुंपण आणि आत सर्वांना बंदी. अट मान्य असेल तर समितीने पंधरा दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर अर्ज रद्द, आणि वाहनतळाचा रस्ता मोकळा.

मी साफसफाई केली नसती तर ही अट नसती, हे पत्रात लिहिलेलं नाही. त्याची गरजही नव्हती.

संध्याकाळी समिती जमली. दोन वर्षांनी तिला काय दिसणार आणि पायांना तरी काय आठवणार, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. विचारणार कोण? शेवटी तीच म्हणाली, "मान्य करा. मी गेले काय, न गेले काय, टेकाड राहायला हवं." आणि चहा ठेवायला उठली. ठराव एकमताने झाला. अध्यक्षांनी सही केली. पेन हवेत फिरलं नाही.

८ नोव्हेंबर

ठरावाचं पत्र द्यायला स्वतः निधीच्या कार्यालयात गेलो. टपालाने पाठवता आलं असतं. घरी सांगितलं, दाढीचा साबण आणायला जातोय.

त्या अधिकारी एका लांबट खोलीत बसतात. भिंतीवर नकाशे, खिडकीत रोपांच्या पिशव्या, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. मी चार दिवस खपून भाषण तयार केलं होतं. उभं राहिल्यावर पहिलं वाक्यच आठवेना. मग जे खरं होतं ते सांगितलं. चूक माझी आहे, शिक्षा मात्र माझ्या बायकोला होते आहे. तिला दिसत नाही, आणि जगात तिला एकटीने चालता येईल अशी ती एकच जागा होती. तिच्यापुरती काही सवलत मिळेल का?

त्या म्हणाल्या, सवलत नाही देता येत. बंदी ती बंदी, एकाला सोडलं की दहा येतात. मी मान हलवली. हेच वाक्य मी किती पालकांना ऐकवलं असेल.

मग त्यांनी विचारलं, "अर्जातलं ते वाटेचं वर्णन तुमचं?"

म्हटलं, तिचं. 'मनोहर' तेवढं माझं.

"ते कळलं होतं," त्या म्हणाल्या. मग खुर्ची मागे सरकवून सांगू लागल्या. बंद ठेवलेल्या प्रत्येक जागेला एक निरीक्षक लागतो. दर आठवड्याला आत एक फेरी मारायची आणि काय परत आलं, काय नाही, याची नोंद द्यायची. मानधन नाही, म्हणून कुणी मिळत नाही. आणि अट एकच, जागा आधी कशी होती हे त्या माणसाला पक्कं ठाऊक हवं.

मी म्हटलं, असं माणूस माझ्या घरात लसूण सोलत बसलंय. पण तिला नोंद लिहिता येणार नाही.

"लेखनिक चालेल की," त्या म्हणाल्या.

हा शब्द माझ्या ओळखीचा. परीक्षेला अंध मुलं बसायची तेव्हा त्यांचे लेखनिक मीच नेमायचो आणि मीच दम भरायचो. मुलगा सांगेल तेवढंच लिहायचं. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही, उत्तर चुकलं तरी भुवई उचलायची नाही. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, लेखनिक मी. अधिकाऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, जमेल ना तुम्हाला?

दाढीचा साबण आणायचा राहिला.

१० नोव्हेंबर

तिला सांगितलं. तिने हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, माझ्या अटी ऐका. हात धरायचा नाही. पुढे चालायचं नाही. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे थोडक्यात मी यायचंच नाही. तर म्हणाली, यायचं, वही कोण धरणार? ती हसली. अठरा तारखेनंतर पहिल्यांदा.

२२ नोव्हेंबर

कुंपण लागलं, किल्ली निरीक्षकांच्या कमरेला. हलवलेले दगड मूळ जागी ठेवायला आणि खळगा उपसायला, एक मदतनीस घेऊन, कार्यालयाने परवानगी दिली आहे, म्हणून आज दगडांपासूनच सुरुवात केली.

पहिला प्रश्न, बसका दगड कोणता? तिने सोपा मार्ग काढला. पदर खोचला आणि ओळीतल्या एकेका दगडावर बसून पाहू लागली. बसायची, जरा हलायची, हा नव्हे म्हणायची, पुढच्यावर. कुंपणाबाहेर डॉक्टर आणि ताई उभे होते. ताईंनी तोंडाला पदर लावला होता. लुगड्याला मागून सगळा चुना लागला. अर्धी ओळ संपल्यावर एका दगडावर बसली आणि उठेचना. हाच, म्हणाली.

डॉक्टरला मदतीला आत घेतलं आणि तो दगड आम्ही दोघांनी लोटत चढाच्या तोंडाशी नेला. ती उभी राहून सांगत होती, अजून डावीकडे, अजून, आता फिरवा, पोट ओढ्याकडे. माझी कंबर धरली. तोडलेलं मूळ आणि उपटलेली रानतुळस मला परत ठेवता आली नाही. तिथे ती नुसती थांबली, हाताने हवा चाचपली आणि पुढे गेली. मी वही धरून मागे राहिलो. बोलायची परवानगीही नव्हती.

२८ डिसेंबर

आजची नोंद कार्यालयाकडे पाठवली. तिची नक्कल इथे उतरवून ठेवतो. लेखनिकाने स्वतःचं काही घातलेलं नाही.

'निरीक्षकाची नोंद. हवा थंड, वारा ओढ्याकडून. गवत घोट्याच्या वर आलं आहे. रानतुळस फुटली आहे, बोटाएवढी, दोन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी लेखनिकाने पाय दिला, म्हणून वास आला, म्हणून कळलं. खळग्यातली माती आम्ही उपसली होती, तिथे ओल धरली आहे. बेडूक नाहीत. मोठ्या झाडावर होला पक्षी आहे, पूर्वी दोन असत, आज एकाचाच आवाज. तुटलेल्या मुळाच्या जागी नवीन कोंब लागतो की काय असं वाटलं, पण ते लेखनिकाचं पेन पडलेलं होतं.

'आज उठल्यापासून निरीक्षकाच्या उजव्या डोळ्यालाही काही दिसलेलं नाही. हे नोंदीत नको, असं लेखनिक म्हणतो. लेखनिकाला म्हणायचा अधिकार नाही. लिहा. पुढे लिहा, बसक्या दगडापासून ओढ्यापर्यंत निरीक्षक एकटी गेली आणि एकटी परत आली. वाट आहे.

'लेखनिक नाक ओढतो आहे. सर्दी असावी. तेही लिहा.'